कायमच्या आजाराशी जगणाऱ्या पोरांचे अक्का-दादा व्हायचंय? सोलापुरात सुरुवात अशी करा

मी आठवीत असताना मला टाईप वन डायबिटीस, म्हणजे रोज इन्सुलिन टोचून घ्यावं लागतं तो मधुमेह, निघाला. डॉक्टरांनी डोस सांगितला, सिस्टरनी पोटाला चिमटा धरून सुई कशी टोचायची ते दाखवलं, आहाराचा कागद मिळाला, आणि आई तो कागद फ्रिजवर चिकटवून तिथंच रडत उभी राहिली. पण मधल्या सुट्टीत इन्सुलिन कुठं घ्यायचं, मैत्रिणींनी इन्सुलिन टोचायचं पेन बघितलं तर काय म्हणायचं, पीटीच्या तासाला हातपाय थरथरायला लागले तर सरांना कसं सांगायचं, हे कुणीच सांगितलं नाही, कारण त्यांच्यातल्या कुणालाच ते कधी करावं लागलं नव्हतं. ते सांगितलं ओपीडीच्या बाकड्यावर शेजारी बसलेल्या अकरावीतल्या एका मुलीनं. तिनं दप्तरातनं कंपासपेटी काढली, आत पेन्सिल, कर्कटक आणि त्यांच्या शेजारीच इन्सुलिनचं पेन. म्हणाली, "मी वर्गातच घेते, बेंचवर बसून. दोन दिवस बघतात, तिसऱ्या दिवशी कोण बघत पण नाही." दहा मिनिटांचं बोलणं असेल, पण त्या रात्री मी पहिल्यांदा नीट जेवले.

आता गेली सहा वर्षं मी तेच काम लहान पोरांसोबत करते. याला पीअर मेंटॉरिंग म्हणतात, म्हणजे तोच किंवा तसलाच आजार घेऊन थोडं पुढं गेलेल्या माणसानं मागून येणाऱ्याची सोबत करायची. आपल्याकडं पोरं मेंटॉर वगैरे म्हणत नाहीत, अक्का म्हणतात नाहीतर दादा. सुरुवातीला मला काहीच माहीत नव्हतं आणि चुकाही झाल्या, त्यातली एक चांगलीच महागात पडली असती. ते सगळं तुम्हाला परत पहिल्यापासून करायला लागू नये म्हणून हे लिहितेय.

१. आधी स्वतःचं बघा

वय १८ पूर्ण पाहिजे आणि आजार कळून निदान दोन वर्षं तरी झालेली पाहिजेत, हे माझं मत आहे. पहिल्या वर्षात आपलंच आपल्याला कळत नसतं. तुमचे रिपोर्ट एकदम पुस्तकातल्यासारखे असायला पाहिजेत असं अजिबात नाही, उलट सगळं छान चाललेल्या माणसाशी ही पोरं बोलत नाहीत. बघायचं एवढंच की स्वतःच्या आजाराबद्दल बोलताना अजून गळा भरून येतो का, डॉक्टरांवर किंवा घरच्यांवरचा राग अजून उसळतो का. येत असेल तर थोडं थांबा, सहा महिन्यांनी परत विचार करा. पोराच्या घरी जाऊन आपणच रडलो तर त्या पोरावर आपल्याला सांभाळायची वेळ येते, आणि ही पोरं आईबापाला सांभाळून आधीच दमलेली असतात.

वयातलं अंतर तीन ते सहा वर्षांचं बरं पडतं. त्याहून जास्त झालं की तुम्ही काका-मावशी होता आणि गप्पा बंद होतात.

२. थेट पोरांकडं जाऊ नका, डॉक्टरांमार्फत जा

ओळखीतनं कळलं की अमक्याच्या मुलाला थॅलेसेमिया (रक्ताचा आजार) आहे म्हणून गेलो त्याच्या दारात, असं करू नका. घरच्यांनी शेजाऱ्यांपासून लपवलेलं असतं, आणि तुम्ही दारात उभं राहून आजाराचं नाव घेतलं की संपलं.

तुमच्याच डॉक्टरांना सांगा की मला हे काम करायचंय, तुमच्या ओपीडीत नवीन निघालेलं कुणी पोर असेल आणि घरचे तयार असतील तर मला बोलवा. सरकारी दवाखान्यात समाजसेवा अधीक्षक असतात, लोक त्यांना नुसतं सोशल वर्कर म्हणतात, त्यांना जरूर भेटा. कुणाला महात्मा फुले योजनेचे कागद करायचेत, कुणी औषध परवडत नाही म्हणून मधेच सोडलंय, हे त्यांना डॉक्टरांच्याही आधी कळतं. सोलापुरात सिव्हिलला नुसत्या शहरातली नाही तर बार्शी, मोहोळ, अक्कलकोट, मंगळवेढ्याकडची पोरं पण येतात. एसटी पकडून परत जायचं असतं, त्यामुळं त्यांना भेटायला ओपीडीचा वेळच खरा, नंबर लागायची वाट बघत दोन-दोन तास बसलेली असतात.

अजून एक, सरकारच्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी मैत्री क्लिनिक असतात. हा कार्यक्रम २०१४ ला सुरू झाला आणि त्यात त्याच वयाच्या पोरांना शिकवून बाकीच्या पोरांपर्यंत पोचायची कल्पना आहेच. तिथल्या समुपदेशकाशी ओळख करून ठेवा, पुढं एखाद्या पोराला तुमच्यापेक्षा जास्त मदत लागली तर पाठवायला एक जागा राहते.

३. कागदपत्रं आणि पिशवी

फाईल एकदाच करून ठेवा:

- आधारकार्डची झेरॉक्स, दोन फोटो
- तुमच्या डॉक्टरांचं पत्र, की तुम्ही त्यांचे पेशंट आहात आणि हे काम करायला त्यांची हरकत नाही
- पोलिसांकडचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र. कुणी मागत नाही, तरी काढा. तुम्ही अनोळखी माणूस लहान पोराला भेटणार आहात, आईबापानं विचारायच्या आधीच ते दाखवलं की त्यांचा जीव खाली बसतो
- पालकांचं संमतीपत्र, त्यांना वाचता येतं त्या भाषेत. शहराच्या पूर्व भागात तेलुगू, अक्कलकोटकडं कन्नड, कुठं उर्दू. वाचता येत नसेल तर तोंडी सगळं सांगून मग सही नाहीतर अंगठा
- एका कागदावर पोराचा आजार, चालू औषधं, डॉक्टरांचा नंबर, घरचे दोन नंबर

संमतीपत्रावर आईबापाची सही झाली म्हणजे झालं असं नाही, पोराला स्वतःला पण विचारा, तेही आईबाप समोर नसताना. "नको" म्हणालं तर ते नकोच. माझ्याकडं एक मुलगा पहिल्यांदा नको म्हणाला होता, आठ महिन्यांनी त्यानंच सोशल वर्करकडनं माझा नंबर मागितला.

पिशवीत ग्लुकोज पावडर, पाण्याची बाटली, बिस्किटं, आणि एक वही. वहीत फक्त तारीख आणि पुढच्या वेळेसाठीची आठवण लिहायची. पोराचं नाव आणि आजार एका पानावर एकत्र लिहू नका, वही हरवते.

४. घरच्यांना भेटणं

पहिल्यांदा घरी जाताना गळ्यात ओळखपत्र, हातात फाईल असं जाऊ नका. साधं जा, काका-मावशी म्हणा, तेलुगू घरात अम्मा म्हटलं की अर्धं काम होतं. चहा देतील, घ्या. तुम्हाला शुगर असेल तर बिनसाखरेचा मागून घ्या, आणि पोरासमोरच मागा, ते बघत असतं.

आईबापाच्या प्रश्नांची तयारी ठेवा, कारण ते पोराबद्दल विचारता विचारता तुमच्याबद्दलच विचारतात. तुझं शिक्षण झालं का, नोकरी लागली का, आणि मुलगी असेल तर हमखास, लग्नाचं काय. एकदा एका घरात आई विड्या वळत बसली होती, माझ्याशी बोलताना मान वर केली नाही, बोटं पण थांबली नाहीत, पान कापायचं, तंबाखू भरायची, दोरा गुंडाळायचा, सुपात टाकायची. अर्ध्या तासानं विचारलं, "तुझ्या सासरच्यांना माहितीये?" मी म्हटलं अजून लग्न नाही झालं मावशी, पण ठरलं तर आधी सांगूनच करणार. तेव्हा सूप बाजूला ठेवून माझ्याकडं बघितलं आणि मुलीला आतनं बोलावलं. अशा वेळी खोटा धीर देऊ नका, सगळं मस्त होईल असं म्हणू नका. तुमचं जसं आहे तसं सांगा.

आणि आईबापाला पहिल्याच दिवशी हे स्पष्ट सांगून टाका: मी तुमच्यासाठी पोरावर लक्ष ठेवायला आलेली नाही. काय खाल्लं, इंजेक्शन चुकवलं का, हे मी येऊन सांगणार नाही. जिवाला धोका असेल तर मात्र लगेच सांगणार. काही जणांना हे पटत नाही, पण आत्ताच वाईट वाटलेलं बरं.

५. पहिली भेट

जागा उघड्यावरची, माणसं असलेली, पण बोललेलं दुसऱ्याला ऐकू न जाणारी. हुतात्मा बाग, सिद्धेश्वर मंदिराकडचा तळ्याकाठ, नाहीतर ओपीडीबाहेरचं बाकडं. बंद खोलीत एकटं भेटायचं नाही, कधीच नाही, आणि भेट कुठं आहे, किती वाजता संपणार ते घरच्यांना माहीत पाहिजे. एक तास पुरे.

सगळ्यात मोठा सापळा म्हणजे पहिल्याच वाक्यात "शुगर किती असते रे?" किंवा "गोळ्या वेळेवर घेतोस ना?" पोराला दिवसभर सगळे हेच विचारतात. तुम्ही पण विचारलं की तुम्ही अजून एक मोठं माणूस झाला. मी पहिल्या भेटीत नंबर विचारतच नाही. माझी मी तपासते, त्याच्यासमोर, बोटातनं रक्त काढून, आणि आकडा वाईट आला तरी लपवत नाही. २६० आली तर म्हणते, "सकाळी शेंगापोळी खाल्ली, डोस कमी पडला." बास, पुढं बोलत नाही. बऱ्याचदा पोर तिथंच स्वतःचं मीटर काढतं. नाही काढलं तरी चालतं, मग आम्ही क्रिकेटवर बोलतो नाहीतर वर्गातल्या भांडणांवर.

बोलता बोलता गप्प झालं तर घाई करून भरून काढू नका. एक दहावीतली मुलगी तीन भेटी नुसती तळ्यातल्या माशांना लाह्या टाकत बसली. चौथ्या भेटीत म्हणाली, मी इन्सुलिन बाथरूममध्ये ओतून टाकते, कारण घेतलं की वजन वाढतं असं कुणीतरी सांगितलं. हे जिवावर बेतणारं होतं, तिला तिथंच सांगितलं की हे डॉक्टरांना सांगावंच लागेल, तू सांगतेस की दोघी मिळून सांगूया. दुसऱ्या दिवशी दोघी गेलो.

६. गुपित कुठपर्यंत

पहिल्याच भेटीत, काही सांगायच्या आधी, पोराला सांगा की तू बोललेलं माझ्यापाशी राहील, पण चार गोष्टी मी राहू देऊ शकत नाही: स्वतःला इजा करायचा विचार, औषध पूर्ण बंद केलेलं, कुणी मारत असेल, आणि कुणी नको तसा हात लावत असेल. शेवटच्या गोष्टीत तर कायदाच आहे, १८ च्या आतल्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळूनही न कळवणं हा २०१२ च्या पोक्सो कायद्यानं गुन्हा आहे.

फोनमध्ये हे नंबर सेव्ह पाहिजेत: मुलांसाठी १०९८, मनाच्या त्रासासाठी टेलिमानस १४४१६ (२४ तास चालू असतो, २०२२ पासून आहे), अॅम्ब्युलन्स १०८. "मेलो तर बरं होईल" असं पोर सहज बोलून गेलं तरी सहज घेऊ नका, सरळ विचारा की खरंच तसं वाटतं का. विचारल्यानं डोक्यात विचार भरतो हा गैरसमज आहे. आणि अशा वेळी पोराला एकटं सोडून घरी यायचं नाही.

७. डोस सांगायचा नाही, म्हणजे नाहीच

हे मी चूक करून शिकले. रात्री साडेदहाला एका नववीतल्या मुलाचा मेसेज आला, अक्का शुगर ३१० आहे किती घेऊ. मी झोपेत होते, लिहून टाकलं, मी असते तर सहा घेतले असते. त्यानं सहा घेतले. तो माझ्यापेक्षा कितीतरी हलका, आणि संध्याकाळी दोन तास ग्राउंडवर खेळून आलेला, हे मी विचारलंच नव्हतं. पहाटे तीनला त्याच्या आईला जाग आली ती चादर ओली लागली म्हणून, घामानं. शुगर ४८. साखरपाणी पाजून पोरगं शुद्धीवर राहिलं. सकाळी त्याच्या डॉक्टरांनी मला बोलावून घेतलं, आवाज चढवला नाही, एवढंच म्हणाले की तुझे सहा युनिट त्याचे सहा युनिट नव्हेत. मुलाच्या घरी जाऊन मी त्याच्या आईची माफी मागितली. त्यांनीच उलट मला पाणी दिलं.

तेव्हापासून माझं एकच उत्तर ठरलेलं आहे, "डॉक्टरांना फोन लाव, मी लाईनवर आहे." डोस, गोळी कमी-जास्त करणं, कुणीतरी सांगितलेला काढा, आयुर्वेदिक पावडर, यातलं काहीही आपण सुचवायचं नाही. आजार मुळापासून घालवतो म्हणून इन्सुलिन किंवा फिटच्या गोळ्या बंद करायला लावणारे लोक आपल्याकडं पुष्कळ आहेत, आणि आईबाप थकले की तिकडं वळतात. आईबापाशी भांडू नका, पण चालू औषध बंद करू नका एवढं ठामपणे सांगा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

प्रथमोपचार मात्र तुम्हाला पाठच पाहिजेत. शुगर ७० च्या खाली गेली की साधारण १५ ग्रॅम साखर किंवा ग्लुकोज, म्हणजे लहान तीन चमचे भरून, पाण्यात घालून द्यायची, १५ मिनिटांनी परत तपासायचं, कमीच असेल तर परत द्यायचं. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवून १०८ ला फोन. फिट आली तर कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ, वेळ बघा, पाच मिनिटांच्या वर गेली तर १०८. चप्पल, कांदा, तोंडात चमचा हे सगळं लांब ठेवा.

८. आपल्या गावच्या अडचणी

ही माहिती कुठल्याच छापील कागदावर मिळत नाही आणि पोरांना सगळ्यात जास्त हीच लागते.

ऊन: मे महिन्यात पारा ४२-४३ ला जातो आणि इन्सुलिन उन्हात खराब होतं. न फोडलेलं फ्रिजमध्ये २ ते ८ डिग्रीत, पण बर्फाच्या कप्प्यात नाही, गोठलेलं फेकूनच द्यायचं. फ्रिज नसेल किंवा लाईट जात असेल तर मोठ्या मडक्यात छोटं मडकं, मधे ओली वाळू, वर ओलं फडकं, आत डबीत इन्सुलिन. आपली हवा कोरडी आहे त्यामुळं हे चांगलं गार राहतं. गाडीच्या डिक्कीत ठेवायचं नाही.

गड्डा (सिद्धेश्वराची यात्रा): पोरांना नंदीध्वजाबरोबर चालायचं असतं, आणि चालू द्या. तैलाभिषेकाच्या दिवशी ६८ लिंगांची प्रदक्षिणा म्हणजे दिवसभराचं चालणं, शुगर खाली येतेच. बाराबंदीच्या (यात्रेत घालायच्या पांढऱ्या अंगरख्याच्या) आत कमरेला छोटी पाऊच, त्यात ग्लुकोज आणि मीटर, आणि बरोबरच्या एका तरी मित्राला माहीत पाहिजे. आदल्या आठवड्यात डॉक्टरांना विचारून त्या दिवसाचा डोस ठरवून घ्यायचा. कोजागरीला तुळजापूरला चालत जाणाऱ्यांना पण हेच लागू.

उपास आणि रोजा: "करू नको" म्हणून पोर ऐकत नाही, लपून करतं. त्यापेक्षा महिनाभर आधी डॉक्टरांशी बोलायला लावा. ते नाही म्हणाले तर घरातल्या आजीला किंवा मशिदीतल्या मौलानांना विचारायला सांगा. आजारी माणसाला सूट असते हे त्यांच्या तोंडून आलं की पोराचा अपराधीपणा कमी होतो.

शाळा: जूनमध्येच मुख्याध्यापकांना डॉक्टरांचं पत्र जोडून अर्ज द्या आणि पोच घ्या. सीबीएसईनं २०१७ पासून टाईप वनच्या मुलांना बोर्डाच्या परीक्षेत साखरेच्या गोळ्या, फळं, पाणी न्यायला परवानगी दिलेली आहे, आणि २०२३ मध्ये राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगानं या मुलांना वर्गात तपासायला, इन्सुलिन घ्यायला द्यावं असं राज्यांना कळवलंय. याचा उल्लेख अर्जात करा.

दाखला: थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल हे रक्ताचे आजार २०१६ च्या दिव्यांग कायद्यात येतात, त्यामुळं या मुलांचं यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) निघू शकतं. टाईप वन डायबिटीस त्या यादीत नाही, त्यासाठी उगीच चकरा मारत बसू नका.

९. दुसऱ्याचा आजार आपल्यासारखा नसतो

आजार वेगळा असला तरी सोबत करता येते, पण आधी विचारून घ्या. थॅलेसेमियाच्या पोराचं आयुष्य दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवण्याभोवती फिरतं, सहलीची तारीख पण त्यावरनं ठरते. संधिवाताच्या तापानं हृदयाची झडप खराब झालेल्या पोराला दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन असतं, बाहेरनं धडधाकट दिसतं त्यामुळं घरचे पण चुकवतात. फिट येणाऱ्या पोराला सगळ्यात जास्त भीती वर्गासमोर फिट येण्याची. दम्याच्या पोरांना पंपाची सवय लागते असं घाबरवलेलं असतं. तुम्हाला सर्दी-खोकला असेल तर भेट पुढं ढकला, यातल्या काहींना साधा ताप पण दवाखान्यात नेतो.

टाईप वनच्या पोरांना मी एक गोष्ट नेहमी सांगते. १९२२ च्या जानेवारीत टोरांटोमध्ये पहिल्यांदा ज्याला इन्सुलिन दिलं तो लिओनार्ड थॉम्पसन १४ वर्षांचा पोरगा होता, त्याच्या आधी या आजारावर उपाशी ठेवण्याशिवाय फारसं काही नव्हतं. चौदा म्हटलं की आठवी-नववीतलं पोर एकदम कान देतं, मग त्याचं पुढं काय झालं, किती सुया होत्या, दुखलं का, असं विचारत राहतं.

१०. व्हॉट्सअॅप

ग्रुप केला तर त्यात दोन मोठी माणसं अॅडमिन पाहिजेत, एक शक्यतो दवाखान्यातलं. रिपोर्टचे फोटो ग्रुपवर टाकायचे नाहीत, पोरं लगेच एकमेकांचे आकडे लावून बघतात आणि ज्याचा वाईट तो ग्रुप सोडतो. रात्री दहानंतर मेसेज नाही, इमर्जन्सी असेल तर फोन. पोराचा फोटो, भेटीचा फोटो स्टेटसला कधीच नाही, चेहरा झाकून पण नाही, सोलापुरात दप्तर बघून लोक पोर ओळखतात.

एका वेळी दोनपेक्षा जास्त पोरं घेऊ नका. मी पाच घेतली होती, तीन महिन्यांत माझीच तपासणी चुकायला लागली.

११. सोडायचं कधी

साधारण वर्षभर, मग हळूहळू भेटी लांबवायच्या. अचानक बंद करू नका, आणि लग्न, नोकरी, बदली यामुळं तुम्हालाच जायचं असेल तर दोन महिने आधी सांगा आणि जमलं तर दुसऱ्या अक्का-दादाची गाठ घालून द्या.

लहान मुलांच्या ओपीडीतनं मोठ्यांच्या ओपीडीत जायची वेळ आली की परत एकदा लागता तुम्ही. तिथं आईला आत घेत नाहीत, डॉक्टर थेट पेशंटला विचारतात, आणि बऱ्याच पोरांना स्वतःच्या औषधाचं नाव पण सांगता येत नाही, कारण इतकी वर्षं आईनंच सांगितलेलं असतं. महिनाभर आधीपासून तयारी घ्या. औषधांची नावं पाठ, डोस पाठ, विचारायचे तीन प्रश्न कागदावर, जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावलेली फाईल. केसपेपर त्यालाच काढू द्या, रांगेत त्यालाच उभं राहू द्या. तुम्ही बरोबर जा, पण दाराबाहेरच्या बाकड्यावर बसा. नंबर पुकारला की ते वळून तुमच्याकडं बघेल. मान हलवा, उठू नका.